काचेमागची बाटली

मी चाको नावाच्या कोरड्या रानातल्या लढाईतली एक जुनी पत्र्याची पाण्याची बाटली आहे. मित्रांनो, आज मी असुन्सिऑन या आमच्या राजधानीतल्या एका सरकारी कचेरीत काचेच्या कपाटात मखमलीवर बसले आहे. लोक माझ्यापुढे टोपी काढतात. मला मात्र शिसारी येते.

कारखान्यातून निघाले ती एलिहिओ नावाच्या शिपायाच्या कमरेला लटकले. त्या कोरड्या रानात माणसे गोळीने मरत, तशी तहानेनेही मरत. एलिहिओने खिळ्याने माझ्या पोटावर आपले नाव कोरले होते. शेवटचे पाणी त्याने एका जखमी सोबत्याला पाजले. सोबती वाचला, एलिहिओ तिथेच राहिला.

सोबत्याने मला एलिहिओच्या गावी पोहोचवले. एलिहिओची बायको आधीच तापाने गेली होती. मागे उरली होती मुलगी देल्फिना आणि तिला सांभाळणारी आत्या सेफेरिना. आत्या चिपा पाव भाजून विकायची. शहिदांच्या पोरक्या मुलांना सरकार मदत देते असे कळले, तेव्हा मला घेऊन दोघी आगगाडीने राजधानीत आल्या.

कचेरीतला कारकून येर्बाच्या पाल्याचे थंडगार पेय नळीने पीत बसला होता. वर न बघताच तो म्हणाला की प्रेत सापडलेले नाही, म्हणजे माणूस नुसता बेपत्ता आहे.

"उद्या हिचा बाप दारात उभा राहिला तर?"

"मग आणाच की त्याला, साहेब," आत्या म्हणाली. "तुमची मदत नको आम्हाला."

पुरावा म्हणून कारकुनाने मला ठेवून घेतले. दोघी खेपा घालत राहिल्या. पुढे विजयदिन आला. कचेरीच्या मोठ्या साहेबांना प्रदर्शनात मांडायला काहीतरी हवे होते. मला राखेने घासघासून लख्ख केले. घासता घासता एलिहिओचे नाव गेले. 'अज्ञात वीराची बाटली' अशी पाटी लागली.

समारंभात साहेब माझ्यावर गहिवरून बोलत असताना देल्फिना गर्दीतून पुढे आली.

"ही माझ्या बाबांची आहे. इथं त्यांचं नाव होतं. कुणी पुसलं?"

साहेबांनी तिला जवळ ओढले, मला तिच्या हातात दिले, तिच्या मुठीत टॉफ्या कोंबल्या आणि 'वीराची लेक' म्हणून फोटो काढून घेतला. फोटो झाल्याबरोबर मला तिच्या हातातून काढून पुन्हा कपाटात ठेवले.

त्याच आठवड्यात अर्ज नामंजूर झाला. कारण काय, तर बाटलीवर नाव नाही!

देल्फिनाने टॉफ्या कारकुनाच्या टेबलावर ठेवल्या. "माझे बाबा अज्ञात नव्हते," ती म्हणाली. "तुम्ही विचारलंच नाही." शाळा सोडून ती कुणाच्या तरी घरी कपडे धुवायला लागली, एवढेच नंतर कानावर आले.

मित्रांनो, मला घासू नका, माझ्यापुढे फुले ठेवू नका. शिपायाची आठवण ठेवायची असेल, तर त्याचे लेकरू जेवले का ते आधी बघा. इतकी वर्षे लोक इथे टोपी काढून उभे राहतात. देल्फिना कुठे असते, असे अजून एकानेही विचारलेले नाही.