पाट्या रंगवणारीच्या रक्तातला पहारेकरी

मित्रांनो, मी एक जुना पहारेकरी आहे. मला रिसेप्टर म्हणतात. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका बाईच्या रक्तात, पेशीच्या आतल्या इवल्याशा कप्प्यात माझी जागा आहे. कप्प्यात आलेला कण चाचपायचा आणि तो विषाणूचा वाटला तर ओरडायचे, एवढेच माझे काम.

लहानपणी तिला फ्लू झाला तेव्हा पहिली हाक मीच दिली. सगळे शरीर जागे झाले, ताप चढला आणि उतरला, मग ती खायला मागत उठून बसली. तेव्हा माझी छाती फुगली होती.

पुढे ती शिडीवर चढून भर उन्हात पाट्या रंगवू लागली. उन्हाने तिच्या त्वचेतल्या पेशी मरत. त्यांचे तुकडे माझ्या कप्प्यात येऊ लागले. ते तिचेच होते. पण माझ्या हाताला ते विषाणूसारखे लागले आणि मी ओरडलो. पुन्हा पुन्हा ओरडलो.

"ताई, गालांनाही रंग लावलास की काय?" तिच्याबरोबर काम करणारी धाकटी बहीण हसली. गालांवर लाल चट्टे उमटले होते. मग बोटे आखडली. हातातला ब्रश निसटू लागला, तेव्हा बहिणीचे हसू मावळले.

"हा ल्युपस नावाचा आजार," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचे पहारेकरी घरच्यांनाच चोर समजतायत. ही गोळी रोज घ्या आणि उन्हापासून जपा."

गोळी माझ्या कप्प्यापर्यंत पोचली आणि हळूहळू माझा डोळा लागला. तिची बोटे मोकळी झाली.

बरे वाटले तशी तिने गोळी सोडली. "ठणठणीत आहे मी! रोज रोज काय गिळायचं?"

मी जागा झालो. या खेपेस माझी हाक मूत्रपिंडापर्यंत गेली. पावले सुजली, चपला चढेनात. इस्पितळाच्या खाटेवर तिने विचारले, "मला परत शिडी चढता येईल का गं?" बहीण तिची पावले कुरवाळत बसली.

आता ती घरात बसून पाट्या रंगवते. शिडी बहीण चढते. रोज सकाळी रंगाच्या डब्याच्या झाकणावर गोळी ठेवून म्हणते, "आधी ही, मग ब्रश."

"बरं, सासूबाई!"

दोघी हसतात. मला मात्र हसू येत नाही. मूत्रपिंडावरचा व्रण माझ्यामुळे आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी अशी गोळी घेत असेल, तर बरे वाटले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती सोडू देऊ नका. मी तिला वाचवायलाच ओरडत होतो, आणि तसा कण हाती आला की पुन्हा ओरडेन. मला दुसरे काही येत नाही. म्हणून मला जरा पेंगतच राहू द्या.