फक्त पॉइंट

एप्रिलमधला पहिला शुक्रवार मुनाफ पांगारकरच्या घरात सणासारखा असे. जुम्म्याची नमाज पढून तो सौदीतल्या खोबर शहरातल्या आपल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटवर आला, की ताजुन्निसा जेवणं उरकून टेबल पुसून द्यायची. मुनाफ लॅपटॉप उघडायचा आणि अमेरिकेत सकाळ होण्याची वाट बघत बसायचा. चारच्या सुमाराला नबीलचा, त्यांच्या एकुलत्या एका मुलाचा, व्हिडिओ कॉल यायचा.

एरवी नबीलचा फोन म्हणजे चार मिनिटांचा कारभार. "कसे आहात? बीपीची गोळी घेताय ना? ओके, अम्मीला द्या." पण त्या शुक्रवारी बापलेक तास-दीड तास बोलत, हसत, हुज्जत घालत. विषय एकच, एल्कची शिकार.

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा भाऊबंद, पण अंगाने त्याहून थोराड. नबील ज्या डोंगराळ राज्यात नोकरीला होता तिथे त्याच्या शिकारीला सरकारी परवाना लागे, त्याला टॅग म्हणत. चांगल्या खोऱ्यांचे टॅग थोडे आणि मागणारे हजारो, म्हणून सोडत काढत. नाव लागलं नाही तर भरलेल्या फीच्या बदल्यात एक पॉइंट मिळे, आणि ज्याचे पॉइंट जास्त त्याचा नंबर आधी. दोघांनी जोडीने अर्ज केला तर ज्याचे पॉइंट कमी, त्याचेच धरत. म्हणून मुनाफ दरवर्षी दोघांचेही अर्ज स्वतःच भरायचा, फीसकट. तेरा वर्षं झाली होती.

हे वेड त्याला लावलं हॅरल्डने. मुनाफ शेजारच्या धाहरानला तेल कंपनीच्या वसाहतीत एसीच्या वर्कशॉपचा सुपरवायझर, आणि हॅरल्ड त्याचा तेव्हाचा अमेरिकन साहेब. नबील नुकताच अमेरिकेला शिकायला गेला होता. तिथल्या मित्रांबरोबर डोंगरात जाऊन आला आणि त्याने फोटो पाठवला, खाली लिहिलं, 'अब्बा, एकदा आपण दोघं.' मुनाफने तो फोटो अख्ख्या वर्कशॉपला दाखवला. हॅरल्ड म्हणाला, "जायचं असेल तर आजपासून पॉइंट घ्यायला लाग." हॅरल्डने स्वतः एकोणीस वर्षं पॉइंट जमवले होते. पुढे त्याला टॅग लागला तोवर त्याचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. तंबूत बसून आलो, असं त्याने मागाहून फोनवर सांगितलं.

मुनाफला शिकारीची हौस होती असं नाही. कोकणात म्हसळ्याकडे त्याच्या बापाजवळ शेतीच्या राखणीची ठासणीची बंदूक होती. भात पिकायला आलं की बाप रानडुकरं हाकायला शेतातल्या मचाणावर, माळ्यावर, जाऊन बसे आणि मुनाफला बरोबर नेई. घरात दिवसाला दहा शब्द न बोलणारा तो माणूस माळ्यावर मात्र हळू आवाजात बोलत राही. आपल्या बापाविषयी, मुंबईच्या बंदरातल्या नोकरीविषयी, एका मेलेल्या बहिणीविषयी. मुनाफला बाप जो काही कळला तो तिथेच. नबीलला देण्यासारखा असा माळा त्याच्यापाशी नव्हता. नबील खोबरच्या फ्लॅटमध्ये वाढला, शाळेच्या बसने गेला-आला, आणि सतराव्या वर्षी विमानात बसला.

गेल्या सहा वर्षांत तर तो आलाच नव्हता. त्याचा व्हिसा नोकरीचा. देशाबाहेर पडलं तर परत शिरायला नवा शिक्का लागणार, आणि तो मिळेलच याची खात्री कुणी देईना. "ग्रीन कार्डचे कागद झाले की येतो," असं तो म्हणायचा. कागद होत नव्हते.

तर यंदाच्या एप्रिलमध्ये नबीलचा कॉल आला तो नेहमीपेक्षा लवकर. तिकडे अजून पुरतं उजाडलंही नसावं. त्याने सलाम केला आणि एकदम विचारलं, "अब्बा, मागच्या वर्षी आपले पॉइंट किती होते?"

"बारा."

"आणि आपण तेच उत्तरेकडचं खोरं मागितलं होतं?"

"तेच. नाही लागलं आपलं नाव. नशीब."

नबीलने समोरचा कागद पुढे ओढला. मग म्हणाला, "मी सहज हिशेब करत बसलो होतो, की हे पॉइंट घेणं परवडतं का. सुरुवातीला त्या खोऱ्याला सात पॉइंट पुरायचे. आपले सात झाले तोवर नऊ लागायला लागले. आपण एक पाऊल टाकतो, रांग एक पाऊल पुढे सरकते. सगळेच पॉइंट घेतायत ना! म्हणून म्हटलं, जुने निकाल बघू. अब्बा, मागच्या वर्षी तिथे बारा पॉइंटवाल्या प्रत्येकाला टॅग मिळाला. प्रत्येकाला. त्याच्या आदल्या वर्षी अकरावाल्यांना मिळाला, तेव्हा आपले अकरा होते."

"काहीतरी चूक असेल त्यांची."

"अर्ज दाखवा. स्क्रीन शेअर करा."

"नेट बरोबर नाही आज," मुनाफ म्हणाला. खोलीत पंखा नव्हता, एसीची घरघर तेवढी होती, आणि नबीलचा चेहरा पडद्यावर अगदी स्वच्छ दिसत होता.

"मी दाखवू?" नबील म्हणाला. "माझं अकाउंट काल मी उघडलं. पाच वर्षं खोऱ्याच्या जागी तुम्ही भरलंय, 'फक्त पॉइंट'. टॅग नको, फक्त पॉइंट. आणि जूनमध्ये मला सांगायचात, नाही लागलं. मी दर वर्षी सप्टेंबरची सुट्टी राखून ठेवायचो, मग रद्द करायचो. का, अब्बा? यायचं नव्हतं तर सांगायचं!"

ताजुन्निसा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्याकडे न बघता मुनाफ म्हणाला, "माझा व्हिसा नाकारला."

"कधी?"

"पाच वर्षांमागे एकदा. मग तीन वर्षांमागे परत."

"आणि मला सांगितलं नाही?"

"सांगून काय होणार होतं? तू तिथे अडकलेला, मी इथे. टॅग लागून वाया गेला असता तर पॉइंट शून्य झाले असते. म्हटलं, पॉइंट तरी राहू देत. पुढच्या वर्षी व्हिसा झाला तर..."

नबीलने तोंड फिरवलं. "दरवर्षी तासभर मला खोऱ्यांचे नकाशे दाखवायचात," तो म्हणाला, "जायचंच नाही हे माहीत असून." आणि पडदा काळा झाला.

मुनाफ तसाच बसून राहिला. ताजुन्निसा पाण्याचा ग्लास घेऊन आली आणि समोरच्या खुर्चीवर बसली. "मलाही नाही सांगितलंत," ती म्हणाली. "दोन्ही वेळा कंपनीच्या कामाला जातो म्हणालात, नवा शर्ट घालून गेलात."

"वकिलातीच्या खिडकीतल्या बाईने विचारलं, कशाला जायचंय? म्हटलं, मुलाबरोबर शिकारीला. ती हसली. वाईट नाही हसली, चांगलीच होती ती. मग म्हणाली, सॉरी."

"आणि ते दरवर्षीचं नकाशे बघणं?"

मुनाफने लॅपटॉपचं झाकण मिटलं. मग म्हणाला, "तेवढा तास तो बोलायचा ना, ताजू."

अर्जाची मुदत मंगळवारी संपत होती. सोमवारी मुनाफने आपला अर्ज उघडला आणि पुन्हा 'फक्त पॉइंट' भरलं. मग सवयीने नबीलचं अकाउंट उघडायला गेला, तर पासवर्ड चालेना. दुसऱ्यांदा टाकला, तिसऱ्यांदा टाकला. मुलाने तो बदलला होता.

त्यानंतरचे महिने असेच गेले. नबील फोन करी, पण आईच्या मोबाइलवर. मुनाफ शेजारी बसून एका बाजूचं बोलणं ऐकत राही. ताजुन्निसा फोन त्याच्यापुढे धरे, तर तो मानेने नको म्हणे. आपण घेतला आणि पलीकडून तो गप्प झाला तर, या भीतीने. उन्हाळा चढला. वसाहतीतल्या बंगल्यांचे कॉम्प्रेसर एकामागून एक बसायला लागले, आणि साठीला आलेला सुपरवायझर पोरांना पाठवायचं सोडून स्वतःच छपरांवर चढायला लागला.

जूनच्या शेवटी ताजुन्निसाने सांगितलं, "नबीलला टॅग लागला. एकट्याने अर्ज केला होता. त्याचे सगळे पॉइंट गेले त्यात."

"कुठलं खोरं?"

"तुमचंच ते. उत्तरेकडचं."

मुनाफने मान हलवली. आत जाऊन त्याने लॅपटॉप उघडला, त्या खोऱ्याचा नकाशा पडद्यावर आणला आणि दिवस मावळून मगरिबची अजान होईपर्यंत तो त्यातले ओढे बघत बसला. कुठून चढावं, पाणी कुठे, वारा कुठल्या बाजूने, सगळं त्याला पाठ होतं.

सप्टेंबरात एका सोमवारी, दुपारी चारला, तो वर्कशॉपच्या आवारात बसची वाट बघत होता. बाहेर अजून बेचाळीस अंश होते. खिशात फोन वाजला. नबील.

"अब्बा," आवाज अगदी हळू होता, कुजबुजल्यासारखा. "बोलू नका. फक्त ऐका."

मुनाफने फोन कानाशी घट्ट धरला. आधी नुसता वारा. मग कुठून तरी लांबून एक आवाज उठला, खोल घशातून निघून वर वर चढत शिट्टीसारखा बारीक झालेला, आणि विरला. मुनाफच्या अंगावर काटा आला. नर एल्कची हाक त्याने व्हिडिओत शेकडो वेळा ऐकली होती. ही तशी नव्हती.

"ऐकलंत?"

"ऐकलं."

"ओढ्याच्या वरच्या धारेवर बसलोय. इथे रेंज येते. तुम्ही म्हणायचात ती जागा."

बस आली आणि गेली. मुनाफ वर्कशॉपच्या भिंतीच्या सावलीत एका रिकाम्या खोक्यावर बसला. त्या दिवशी जनावर दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा फोन आला, तिसऱ्या दिवशीही. नबील दबल्या आवाजात बोलत राहिला. आधी वाऱ्याबद्दल, मग हळूहळू दुसऱ्याच गोष्टींबद्दल. की स्मृती नावाची एक मुलगी होती, ऑफिसातली, नाशिकची. दोन वर्षं बरोबर होते, घरी सांगायची हिंमत झाली नाही, आणि आता ती निघून गेली होती. की कधीकधी रविवारी तो कुणाशी एक शब्दही बोलत नाही. की कागदांच्या रांगेत त्याचा नंबर इतका मागे आहे की त्याने बघणंच सोडलंय.

"मला वाटायचं, हे सांगितलं तर तुम्ही म्हणाल, परत ये. आणि मी येईन," तो म्हणाला. "म्हणून नाही सांगितलं."

"मी पण नाही सांगितलं," मुनाफ म्हणाला.

"हं."

फोन कुणीच ठेवला नाही.

चौथ्या दिवशी नबील वाक्याच्या मध्येच थांबला. मुनाफला श्वास ऐकू येत होता. फोन कुठेतरी दगडावर ठेवल्याचा खट् आवाज. मग पुटपुटणं, बिस्मिल्ला, अल्लाहु अकबर, आणि एक धडाका, त्याचा डोंगरावरून परत येणारा प्रतिध्वनी. मग धावती पावलं, आणि नंतर काहीच नाही. मुनाफ खोक्यावरून उठून उभा राहिला होता. सहा मिनिटं त्याने घड्याळाच्या काट्याकडे बघत काढली.

"अब्बा." नबील रडत होता. "पडला. खूप मोठा आहे. माझ्याच्याने... याला मी एकट्याने कसा..."

"जीव आहे अजून?"

"नाही. गेला."

"मग रडून घे दोन मिनिटं. मग सुरी काढ. बॅटरी किती आहे?"

"अकरा टक्के."

"पुरेल. बकरी ईदला माझ्या शेजारी उभा राहायचास ना, तसंच आहे, नुसतं मोठं. उताणा कर. पाय झाडाला बांध. आता पोटाची कातडी चिमटीत वर उचल. बारीकसा छेद दे, दोन बोटं आत घाल आणि सुरीचं पातं वर ठेव, बाळा, वर, आभाळाकडे. टोक आत गेलं तर आतडं फुटेल आणि मांस जाईल. घाई करू नको."

"वाफ येतेय," नबील म्हणाला. "हात गरम झाले."

"येणारच. पुढे चल."

वर्कशॉपमधली दोन माणसं दारात येऊन ऐकत उभी राहिली. आपला सुपरवायझर भर उन्हात एक हात हवेत धरून, नसलेली सुरी चालवत फोनवर बोलतोय, हे बघून ती काही न विचारता आत गेली. मुनाफ सांगत राहिला. छाती-पोटामधला पडदा कसा सोडवायचा, काळीज कुठे असतं, मांस सावलीत कसं टांगायचं. "आता मागचा पाय सांध्यातून..." तो म्हणत होता, तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की पलीकडे आवाज नाही. बॅटरी संपली होती. तरीही त्याने ते वाक्य पुरं केलं.

तीन दिवसांनी नबीलकडून फोटो आला, या वेळी दोघांच्याही मोबाइलवर. डीप फ्रीझरचं झाकण उघडलेलं, आत पांढऱ्या कागदात बांधलेल्या पुड्या नीट रचलेल्या. प्रत्येक पुडीवर जाड मार्करने लिहिलेलं. बऱ्याच पुड्यांवर तारीख तेवढी होती. पण डाव्या बाजूच्या सात-आठ पुड्यांवर 'अब्बा' होतं, आणि त्यांच्याखाली तितक्याच पुड्यांवर 'अम्मी'. खाली एकच ओळ : 'व्हिसाची तारीख घ्या. या वेळी दोघांची.'

ताजुन्निसाने फोटो बोटांनी मोठा करून आपलं नाव पुन्हा पुन्हा वाचलं. "पोराचं अक्षर बिघडलंय," ती म्हणाली, आणि डोळ्यांना पदर लावला.

मुनाफने लॅपटॉप जवळ ओढला. सगळ्यात जवळची मुलाखत मार्चमध्ये मिळत होती. त्याने दोन नावं भरली. ताजुन्निसाच्या पासपोर्टचा नंबर टाकताना त्याने तो दोनदा तपासला.

"मार्चपर्यंत मांस टिकेल?" तिने विचारलं.

"नीट गोठवलं तर वर्षभर टिकतं म्हणे."

ती बोटांवर महिने मोजायला लागली.