मंगळवारचा गव्हर्नर

मंगळवारी आमच्या किनाऱ्यावर कुणी पाण्यात वल्हं घालत नाही. तो दर्याचा वार. एरवी आपण रोज त्याच्या घरात घुसतो, तेव्हा एक दिवस त्यालाही दार लावून बसू द्यावं, असं म्हातारे म्हणत. इंग्रजांनी किल्ला बांधला, जकात बसवली, आमच्या राजाला त्याच्याच अंगणात बसायची परवानगी दिली. पण मंगळवार काही त्यांना हलवता आला नाही. तो मोडला आमच्याच कोबिना अबाकानं, आणि तोही एका गव्हर्नरसाठी.

अबाका होडीचा तांडेल. इथं धक्का नाही. जहाज दूर नांगर टाकतं आणि माणसं लाटा फोडणाऱ्या होड्यांतून किनाऱ्याला लागतात. त्याचा भाचा योकू तुरुंगात होता. आमच्यात वारसा मामाकडून भाच्याला जातो, त्यामुळे योकू म्हणजे अबाकाची होडीही आणि त्याच्यामागं उरणारं नावही. जकातीच्या शिपायाशी बाचाबाची झाली, योकूनं वल्हं उगारलं, शिपाई मागं सरकला, खडकावर पडला आणि मेला. फाशी बुधवारी सकाळी ठरली.

शिक्षा दिली मुख्य न्यायाधीश विंडलसाहेबांनी. माणूस वाईट नव्हता. शिक्षा लिहिली त्याच दिवशी त्यांनी दयेची शिफारसही लिहिली, कारण कायद्यानं फाशी देणं त्यांना भाग होतं आणि माफी देणं एकट्या गव्हर्नरच्या हातात होतं. जुन्या गव्हर्नरांनी फाशीच्या वॉरंटवर सही केली, शिफारस विचारासाठी बाजूला ठेवली आणि ते ताप घेऊन मायदेशी गेले. नवे येईपर्यंत हंगामी गव्हर्नर कोण? नियमाप्रमाणे मुख्य न्यायाधीश. म्हणजे न्यायाधीश विंडल यांची शिफारस गव्हर्नर विंडल यांच्यापुढे आली. गव्हर्नरांनी न्यायाधीशांकडे खुलासा मागितला. न्यायाधीशांनी तो आदरपूर्वक दिला. गव्हर्नरांना तो अपुरा वाटला. मी सरकारी दुभाषा. कागद त्याच टेबलाच्या डाव्या बाजूकडून उजवीकडं नेण्याचं काम माझ्याकडं होतं.

मंगळवारी सकाळी अखेर दोघांचं एकमत झालं. माफीच्या हुकमाची स्वच्छ प्रत काढायला सांगून साहेब म्हणाले, "चहा झाला की सही करतो."

मी धावत किनाऱ्यावर गेलो. नव्या गव्हर्नरांच्या जहाजानं पहाटेच दूर नांगर टाकला होता. मंगळवार असल्यामुळं ते बुधवारी दुपारी उतरणार हे गावात सगळ्यांना माहीत होतं. अबाका मात्र होडी पाण्याकडं ढकलत होता. त्याची बहीण एफुआ, योकूची आई, वाळूत बसून होती. पुढ्यातली केंकी, मक्याच्या आंबवलेल्या पिठाची, पानात गुंडाळलेलीच होती.

"तांडेल, थांब! विंडलसाहेब चहानंतर सही करणार आहेत."

"काय रे, साहेबाच्या जिभे," तो मान वर न करता म्हणाला, "फास वळला कुणी?"

"विंडलसाहेबांनी."

"मग तोच सोडवेल? बकरं कापणारा शेवटी म्हणतो का, जा बाबा, चर?"

"अरे, तेव्हा ते न्यायाधीश होते. आता गव्हर्नर आहेत."

"आणि चहानंतर कोण असतील?"

पुढं जे झालं ते पाहता, त्याचा प्रश्न कायद्याला धरून होता.

"कोबिना, आज मंगळवार आहे," एक म्हातारा ओरडला.

"मी मंगळवारी जन्मलेला, आजोबा. कोबिना म्हणजे तेच. दर्या आपल्या माणसाला समजून घेईल." मग एफुआकडं वळून तो म्हणाला, "नवा माणूस आहे, ताजा आहे. अजून कुणाला नाही म्हणायची सवय नसेल त्याला. आणतोच बघ."

आणि त्यानं आणला. जहाजावर गव्हर्नरांच्या चिटणीसानं एक मोठी पत्र्याची पेटी पुढं केली, तर अबाका म्हणाला, "सामान उद्या. वजन नको, मला घाई आहे." गव्हर्नरांना हा उत्साह फार आवडला. शेवटच्या लाटेनं होडी आडवी घेतली. वल्हेकऱ्यांनी साहेबांना खांद्यावर उचलून कोरड्या वाळूत उभं केलं, आणि त्यांच्या मागं होडी खडकावर आपटून फुटली. तिच्याकडं अबाकानं वळूनही पाहिलं नाही. त्यानं ओल्या वाळूत गुडघे टेकले आणि भाच्याचा जीव मागितला.

मी भाषांतर केलं. गव्हर्नरांनी शांतपणे ऐकलं. त्यांचे डोळे खरंच भरून आले. "बिचारा. याला सांगा, मी नक्की माफी देईन. फक्त शपथ झाली की."

आम्ही सगळेच सरकारी वाड्यावर गेलो. विंडलसाहेबांच्या पुढ्यात चहा होता, त्याच्या शेजारी स्वच्छ प्रत, आणि हातात शाईत बुडवलेला टाक. नव्या गव्हर्नरांना दारात पाहताच त्यांनी टाक खाली ठेवला.

"आपण वसाहतीत पाऊल ठेवलंत," ते उठून म्हणाले. "त्या क्षणी माझा अधिकार संपला."

"आणि माझा कधी सुरू होतो?"

"नेमणुकीची सनद जाहीर वाचली गेली आणि शपथ झाली की. शपथ मीच देईन. सनद कुठं आहे?"

सनद पत्र्याच्या पेटीत होती. पेटी जहाजावर होती.

दोघांनी एकमेकांकडं फार सभ्यपणे पाहिलं. एक आता नुसता न्यायाधीश होता आणि स्वतःची शिक्षा बदलू शकत नव्हता. दुसरा अजून नुसता प्रवासी होता. तुरुंगाच्या अधिकाऱ्याला बोलावलं, तर तो म्हणाला, "फाशी द्यायला मला कुणाचा नवा हुकूम लागत नाही, सर. थांबवायला लागतो." खोलीत तिघंही दयाळू होते. चहा निवला म्हणून दुसरा आणवला.

अबाका किनाऱ्यावर परतला आणि होडी मागू लागला. प्रत्येक तांडेलाच्या पाया पडला.

"एक मंगळवार मोडलास, होडी गेली," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा मोडलास तर गाव जाईल."

"माझा पोर जाईल रे!"

"आमची पोरंही त्याच पाण्यावर जातात, कोबिना."

तो पोहत निघाला. दोनदा लाटेनं त्याला आणून टाकलं. तिसऱ्यांदा त्याच्याच वल्हेकऱ्यांनी त्याला धरून बसवलं. एफुआनं केंकी पानातून सोडवली, तिचा एक तुकडा दर्याच्या दिशेनं टाकला आणि उरलेली तुरुंगाकडं घेऊन गेली.

बुधवारी सकाळी ठरल्याप्रमाणे झालं. दर्या तेव्हा अगदी शांत होता. लगेच होड्या सुटल्या आणि पेटी आली.

दुपारी बँड वाजला, तोफा झाल्या. गव्हर्नरांच्या टोपीतली पिसं वाऱ्यावर चांगली हलत होती. सनद वाचली गेली आणि एकेक कलम मी आमच्या भाषेत मोठ्यानं सांगत गेलो. जमीन देण्याचा अधिकार. अधिकारी नेमण्याचा अधिकार. मग दयेचं कलम आलं: कोणाही गुन्हेगारास, सशर्त वा बिनशर्त, माफी. ते मी हळूच सांगितलं. नियमाप्रमाणे पुन्हा सांगावं लागलं.

अबाका पुढच्याच रांगेत उभा होता. समारंभ संपल्यावर तो माझ्यापाशी आला. खांद्यावर वाळू तशीच होती.

"ही ती पेटी?"

"हो."

"मी हिला नको म्हणालो." त्यानं पेटीच्या पत्र्यावर हात ठेवला. "आमचा राजा आसनाशिवाय कोण असतो?"

"कुणी नाही. म्हातारा माणूस."

"हे मला माहीत होतं रे," अबाका म्हणाला. "जन्मल्यापासून माहीत होतं. मला वाटलं, हे लोक वेगळे असतील."