थेनने लावलेले राजतुरे

त्या वर्षी अमेरिकेतल्या आमच्या युटा राज्यात ज्याला त्याला युरेनियमने झपाटलं होतं. राजतुरा फुलतो तिथं खाली खनिज असतं, असं कुणीतरी सांगितलं आणि उभं गाव पिवळी फुलं शोधत हिंडायला लागलं. एरवी गुरं पाळणारा माणूस त्या फुलांपासून चार हात लांब राहतो, कारण तिथली माती जनावरांना बाधते. आमच्या कुरणात तर औषधालाही राजतुरा नव्हता.

म्हणून माझ्या नवऱ्याने, थेनने, तो कड्याखालून ट्रक भरभरून आणला आणि कुरणभर रोवला. जागा विकायची आणि गावात राहायला जायचं, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. मला हे घर सोडायचं नव्हतं. पण थेनच्या डोक्यात एकदा काही शिरलं की देवाचंही चालत नाही. मी आतल्या आत धुमसत राहिले.

शनिवारी गुनारसन नावाचे गृहस्थ नव्या जीपमधून जागा बघायला आले. थेनने त्यांना धड खाली उतरूही दिलं नाही.

"हे बघा राजतुरे! बापजाद्यांपासून उगवतायत. उपटले तर दुप्पट येतात!"

गुनारसनांचा चेहरा पडला. "सगळ्या कुरणात?"

"इंच न् इंच!"

"मग निघतो मी. मला घोड्या पाळायच्यात. हे खाऊन त्यांचे खूर गळून पडतील."

थेनचं तोंड बघण्यासारखं झालं. धावत जाऊन त्याने एक झाड ओढलं, ते अलगद हातात आलं. "अहो, मीच लावलंय हे! जमीन चांगली आहे!"

"तुमचं आता कोण ऐकणार?" गुनारसन माझ्याकडे वळले. "बाई, खरं काय ते तुम्ही सांगा."

मी नुसती गप्प राहिले असते तरी घर वाचलं असतं. पण माझ्या गायी त्याच गवतावर पोसल्या होत्या. त्या जमिनीला विषारी म्हणायला जीभ रेटेना.

"जमीन सोन्यासारखी आहे," मी म्हणाले. "फिरलंय ते याचं डोकं."

गुनारसन खो खो हसले. "मग विकता कशाला?"

"हिच्यासाठी," थेन पुटपुटला. "म्हातारपणी तरी हिला चार शेजारणी मिळाव्यात."

"माझ्यासाठी? अरे शहाण्या, मला विचारलंस कधी?"

"आता विचारतो. जायचंय तुला?"

"मुळीच नाही!"

गुनारसन हसत हसतच जीपकडे गेले. थेन कुरणभर डुलणाऱ्या तुऱ्यांकडे बघत राहिला.

"आर्डिथ, हे सगळं उपटायला आठवडा जाईल गं."

"जाऊ दे," मी बाह्या सरसावल्या. "आपल्याला कुठं जायचंय?"