झाकणाखालची हवा

प्लास्टिकच्या विमानाचं किट विकत घेणाऱ्या हौशी माणसाचं समाधान कधीच होत नाही. खुर्चीला पट्टे नाहीत, चाक बटाट्यासारखं दिसतं, अशी त्याची कुरकुर चालूच. या कुरकुरीवर दोन भावांचं घर चालत होतं. मागच्या खोलीत ते साच्यात रेझिन, म्हणजे मिनिटांत घट्ट होणारं पातळ प्लास्टिक, ओतून वैमानिकासाठी नखाएवढ्या खुर्च्या बनवत, पार शिवणी आणि बकलांसकट.

रेझिनला बुडबुड्यांची खोड. म्हणून भरलेले साचे जाड लोखंडी डब्यात ठेवायचे, झाकण क्लॅम्पनी आवळायचं आणि कॉम्प्रेसरने आत हवा दाबायची, की बुडबुडे चिरडून दिसेनासे होतात. दाब फार वाढला तर हवा सोडून देणारी एक झडप झाकणाला होती. हल्ली ती उगाचच फुसफुसायची, दाब टिकत नव्हता, खुर्च्यांना भोकं पडत होती. काल धाकट्याने ती काढून टाकली आणि तिच्या जागी बोल्ट पिळून बसवला. दादाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दादाने डब्याला हातच लावू दिला नसता. धाकट्याला नको तिथे फार अक्कल सुचते.

आज तो पार्सलं देऊन परत आला, तर कॉम्प्रेसर धापा टाकत होता. दादाला ते ऐकू येणं शक्य नव्हतं; त्याच्या कानाशी ओरडावं लागे. कॉम्प्रेसर दाराशीच होता आणि त्याचा दाबाचा काटा लाल पट्ट्याच्या पार गेला होता. पलीकडच्या टोकाला दादा डब्यावर वाकला होता. डब्यावरचा काटा मात्र शून्यावर स्वस्थ पडून. उतू गेलेल्या रेझिनने त्याचं भोक बुजलं असणार, हे धाकट्याच्या लक्षात आलं. दादाला वाटत होतं की झाकण नीट बसलेलं नाही, आत हवा जातच नाही. दाब जास्त झालाच तर झडप आहे, हा त्याचा भरवसा. तो क्लॅम्प सोडवत होता, आणि क्लॅम्प हलेना म्हणून त्याने पान्याला लांब नळी लावली होती.

ते झाकण उडालं तर दादाचं तोंड शिल्लक राहणार नव्हतं.

त्याने कॉम्प्रेसर बंद केला आणि हवा सोडायची चावी उघडली. फुस्सकन वारा सुटला, पण बारीक पाइपातून अख्खा डबा रिकामा व्हायला वेळ लागतो. दादाला हाक मारायची घरातली रीत म्हणजे दिवा घालवून परत लावायचा. त्याने तेही केलं. दादाने मान न वळवता डावा हात वर केला. थांब जरा, कामात आहे. उजव्या हाताचा जोर चालूच.

आता जवळ जाण्यावाचून इलाज नव्हता. पळून जावं असं त्याला अगदी स्पष्ट वाटलं. वाटलं नाही म्हणणं खोटं होईल. मग तो गेला कसा, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. त्याने दादाला कमरेला धरून ओढलं आणि दोघे टेबलामागे पडले.

"वेड लागलं का तुला?" दादा खेकसला.

धाकट्याने त्याला दाबून धरलं, वाऱ्याचा आवाज बारीक होत थांबेपर्यंत. गडबड ऐकून वहिनी दारात आली होती.

"भाऊजी, काय झालं?"

त्याने नुसतं डब्याकडे बोट दाखवलं.

दादाने उठून कपडे झटकले, झाकण काढलं, साचा वाकवून एक खुर्ची सोडवली आणि भिंगाखाली धरली. त्याचा राग कुठल्या कुठे पळाला.

"छोट्या, हे बघ. एकही बुडबुडा नाही. इतकी साफ आपल्याकडे कधी निघाली नव्हती. काय केलंस तू डब्याला? आता रोज असंच करायचं."

धाकटा मघापेक्षा जास्त घाबरला. "दादा, मी झडप काढली," तो पुटपुटला.

दादाने कान पुढे केला. "काय? मोठ्याने बोल."

वहिनी अजून दारातच होती. धाकट्याने छातीभर श्वास घेतला आणि घर दणाणेल अशा आवाजात सांगितलं, की झडप मी काढली, तिथे बोल्ट लावला, आणि आत्ता तुझा जीव जाणार होता.

दादाने खुर्ची टेबलावर ठेवली. वहिनी पुढे आली. तिने दादाच्या गालांवरून, डोळ्यांवरून हात फिरवला, सगळं जागेवर आहे ना हे बघितल्यासारखा. मग धाकट्याकडे न बघताच म्हणाली, "आणखी एकदा सांगा, भाऊजी. यांना नीट ऐकू आलं नसेल."