कापसातली सीताफळं

त्या साली कापसाला गिऱ्हाईक नव्हतं आणि उकंडाच्या तोंडात शब्द नव्हता. वेचलेला कापूस मारेगावजवळच्या त्याच्या घरात पार आढ्याला टेकला होता, आणि हा दिवस दिवस शेतातल्या विहिरीच्या काठावर एकटा बसून राही. शेजारच्या गावात दोघांनी फवारणीचं औषध पिऊन जीव दिलेला. त्याची म्हातारी आई, रुखमाबाई, दारात बसून त्याची वाट बघत राही. काही विचारावं तर पोरगा वसकन अंगावर येई.

मग म्हातारीने शक्कल लढवली. एका सकाळी तिने भाकरीचं ताट सरकवून दिलं.

"मले सीताफळ पाह्यजे. तूच आण, अन् कापसात तूच पिकव. तवरोक भाकर नाई. दुसऱ्याच्या हातचं मी नाई खात."

सीताफळं घरातल्या कापसाच्या गंजीत पिकवायची, ही तिथली जुनी रीत. उकंडा कुरकुरत टेकडीवर गेला आणि टोपलीभर घेऊन आला. फळाचे डोळे उघडले, म्हणजे खवल्यांमधल्या फटी पांढुरक्या झाल्या, की मगच तोडायचं, हे त्याला ठाऊक होतं. पण मन ठिकाणावर कुठे होतं! सगळी कोवळी. रुखमाबाईने ते पाहिलं आणि ती मनातून हरखली. फळं जितकी रेंगाळतील तितका पोरगा घरात राहील.

आणि राहिलाही. म्हातारी ताकावर दिवस काढत होती आणि तो कापसात हात घालून फळं चाचपायचा, परत झाकायचा, चिडायचा. चिडलेला का होईना, डोळ्यांपुढे होता.

दिवाळीच्या सुटीत नात प्रियंका यवतमाळच्या कॉलेजातून आली. तिने एक फळ दाबून पाहिलं.

"बाबा, हे कधीच नरम होणार नाई. फळ भरलं की त्यात एन्झाइम तयार होतात, ते पेशींच्या भिंती सैल करतात, मंग गर नरम पडते. कोवळं तोडलं त हे काम सुरूच होत नाई. नुसतं काळं पडन. आजी, तूनंच त मले डोळे पाहाले शिकवलं!"

या शहाणीच्या तोंडात बोळा कोंबावा, असं रुखमाबाईला वाटलं. उकंडाने चमकून आईकडे पाहिलं. मग त्याने टोपली उचलली.

"कुठी चालला?" रुखमाबाई उठली.

"टेकडीवर. भरलेली आणतो." तो दारात थांबला. "तेही पिकाले दिस लागतीनच, माय. तवरोक तू भाकर खा. मी आहो घरीच."

रुखमाबाईने ताट पुढे ओढलं. पण घास काही केल्या गिळवेना, इतकं रडू आलं तिला.