मालकासमोरचं स्टूल

मित्रांनो, मी एक जुनं लोखंडी स्टूल आहे. माझा मुक्काम सांगलीजवळ, तासगाव रस्त्यावरच्या एका बेदाण्याच्या कारखान्यात. रंग उडालाय, एका पायाचं रबर गेलंय, पण ताठा अजून शाबूत आहे.

इस्लामपूरच्या आकाराम वेल्डरनं आम्हा बारा भावंडांना एका आठवड्यात घडवलं. मला जमिनीवर ठेवून तो स्वतः वर चढला, दोनदा उड्या मारल्या आणि म्हणाला की कारखाना मोडेल, पण हे मोडायचं नाही. जन्मताच एवढं कौतुक कुणाच्या वाट्याला येतं?

कारखान्यानं आम्हाला बोलावलं ते मात्र हौसेनं नव्हे. तिथं भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'कामाच्या वेळेत बसू नये.' बारा बायका आठ तास उभ्यानं बेदाण्यातल्या काड्या नि खडे वेचायच्या. एक दिवस सरकारी निरीक्षक आले. उभ्यानं काम करणाऱ्याला अधूनमधून टेकायची सोय हवीच, असा कायदा आहे, हे त्यांनी लेखी बजावलं. मालक रामगोंडा पाटलांनी ती अक्षरं पुसून घेतली आणि आम्हाला आणलं.

माझी जागा लीलाबाईंजवळ. त्या सगळ्यांत थोरल्या. गुडघे इतके सुजायचे की महिनाअखेर काम सोडायचं त्यांनी ठरवलं होतं. पंचवीस वर्षांचं काम सोडून घरी रिकामं बसायचं, या विचारानंच त्यांना रडू यायचं. मला पाहून त्यांच्या जिवात जीव आला.

पण गंमत बघा. बायका जरा टेकल्या की दारात मालक हजर! लगेच बाराही जणी पदर सावरून उभ्या. मालक दिवसातून वीस फेऱ्या मारायचे. उभं राहणं परवडलं, पण ही उठबस नको, अशी गुडघ्यांची गत झाली. शेवटी बायकांनी बसणंच सोडलं. सुपरवायझर रविराजनं माझ्यावर रिकामी खोकी रचली आणि मालकांना सांगितलं की कुणी बसतच नाही, ही अडगळ गोदामात टाकू. मला फार वाईट वाटलं.

मालक तडक लीलाबाईंकडे आले. कायद्याप्रमाणे सोय केली, तरी का बसत नाही, असं त्यांनी जरा रागानंच विचारलं.

"आवं मालक, कायदा हाय, ते खरं," लीलाबाई म्हणाल्या. "पर तुमी म्होरं उभं असताना बसून ऱ्हायला आमच्या आईबापानं न्हाई शिकवलं."

मग मालकांनी खोकी स्वतःच्या हातानं खाली ठेवली आणि रुमालानं मला पुसलं.

"मावशी, बसा. तुमी बसल्याबिगर मी हितनं हलत न्हाई."

सगळं काम थांबलं. लीलाबाईंनी रविराजकडे पाहिलं, मालकांकडे पाहिलं आणि त्या हळूच टेकल्या. मालक उभे आणि त्या बसलेल्या! थोड्या वेळानं त्यांनी बेदाण्याचा ढीग पुढं ओढला आणि बसूनच निवडायला लागल्या. दुसऱ्या दिवशी भिंतीवर नवा नियम लागला, 'मालक आले तरी कुणी उठू नये.'

याला चार वर्षं झाली. लीलाबाई अजून कामावर आहेत, आणि याचा मला केवढा अभिमान आहे म्हणून सांगू! परवा बाहेरगावचे व्यापारी आले, तेव्हा एकही बाई उठली नाही. त्यांच्या भुवया वर गेल्या, तेव्हा मालकांनी हसून भिंतीकडे बोट दाखवलं.

मित्रांनो, तुमच्या घरी, दुकानात कुणी दिवसभर उभं राहून राबत असेल, तर नुसतं स्टूल देऊन मोकळे होऊ नका. 'बसा' म्हणा, आणि ते माणूस खरोखर बसेपर्यंत तिथून हलू नका.